सोन्याची परतफेड : राघोबादादांचे दोन वकील लंडनमध्ये, १७८१

१/
पुण्याच्या बुधवार पेठेतील बेलबाग चौक गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. चौकाला ज्याच्यावरून नाव मिळाले ते बेलबागेचे विष्णुमंदिर नाना फडणवीसांनी बांधले. याच नानांशी ज्यांचे हाडवैर होते, त्या रघुनाथराव पेशव्यांनी म्हणजे राघोबादादांनी आपले दोन वकील थेट लंडनला पाठवले. शहर अनोळखी, भाषा परकी आणि पाठवणारा धनी स्वतःच आश्रित. त्या दोघांच्या अल्पशा मुक्कामाची आणि त्यासाठी मोजाव्या लागलेल्या किमतीची ही हकिकत.

२/
दोघांपैकी एक हनुमंतराव, धर्माने आचारनिष्ठ ब्राह्मण. दुसरा मणियार रतनजी, पारशी. त्याच्यासोबत त्याचा मुलगा खरशेटजी. इंग्रजी कागदपत्रांत हनुमंतरावाचे नाव ‘हुमंद राव’ अशा विचित्र रूपात आढळते. इंग्लंडच्या राजापुढे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे राघोबादादांची बाजू मांडणे, एवढेच त्यांचे काम. मात्र हे काम त्यांच्यावर का आले, हे कळण्यासाठी आधी पुण्याकडे वळले पाहिजे.

३/
३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि त्यांचे काका राघोबादादा पेशवेपदावर बसले. पुढच्या काही महिन्यांतच नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदी मुत्सद्दी त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. हेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर पुत्र झाला. सवाई माधवराव म्हणून त्या तान्ह्या बाळाच्या नावाने कारभार सुरू झाला आणि राघोबादादांना पुण्याचे दरवाजे बंद झाले.

४/
राघोबादादा इंग्रजांच्या मुंबई सरकारकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. कंपनीने अडीच हजार फौज द्यावी, दादांनी तिचा खर्च सोसावा आणि साष्टी व वसई इंग्रजांना द्यावी, असे ठरले. रोख रक्कम हाताशी नसल्याने दादांनी सुमारे ६ लाखांचे जडजवाहीर इंग्रजांकडे तारण ठेवले. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे लंडनला गेलेले वकील ज्याच्या नावाने बोलणार होते, त्याचे दागिनेसुद्धा आधीच गहाण पडलेले होते.

५/
येथे एक पेच उभा राहिला. १७७३ च्या नियामक कायद्याने तह आणि युद्ध यांबाबत मुंबई सरकारला कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या अधीन केले होते. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य करून कर्नल अप्टन याला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यानंतर काही महिन्यांनी लंडनहून संचालकांचे पत्र आले. त्यात सुरतेच्या तहाला संमती होती! मुंबई एक म्हणते, कलकत्ता दुसरे, लंडन तिसरे. पत्राला लंडनहून यायला महिनोन्‌महिने लागत, तोवर येथील राजकारण उलटलेले असे.

६/
राघोबादादांनी यातून एक निष्कर्ष काढला असावा : मुंबई आणि कलकत्ता यांच्याही वर कोणीतरी आहे आणि तो आपल्याला अनुकूल आहे. दरम्यान जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना मानहानीकारक करार करावा लागला आणि दादा महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले. झाशीकडे नेले जात असता ते वाटेतून निसटले आणि सुरतेच्या बाजूला, जनरल गॉडर्डच्या आश्रयास पोहोचले. आश्रिताजवळ सैन्य नव्हते, मुलूख नव्हता. उरला होता तो एकच उपाय : सर्वांत वरच्या दरबारात अर्ज. म्हणून वकिलांची रवानगी झाली.

७/
या कामी पारशी माणूस निवडला गेला, त्यामागे व्यवहार होता. समुद्र ओलांडल्याने पारशी बहिष्कृत होत नसे. शिवाय एक जुना दाखला होता. सुरतेचे नवरोजजी रुस्तम माणक हे १७२३ मध्ये कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध दाद मागण्यासाठी लंडनला गेले होते आणि संचालकांकडून आपल्या बाजूने निवाडा घेऊन परतले होते. सुरत आणि मुंबईच्या पारशी घराण्यांना कंपनीचे हिशेब, कारकून आणि स्वभाव चांगले ठाऊक होते. लंडन त्यांना पाहून माहीत नसले तरी ऐकून माहीत होते.

८/
हनुमंतरावाची गोष्ट वेगळी होती. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केलेली आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीतही तो आला. मराठ्यांना समुद्र अपरिचित नव्हता. आंग्र्यांच्या आरमाराने कोकण किनाऱ्यावर युरोपीय जहाजांना जेरीस आणले होते. मात्र किनारा धरून केलेली आरमारी आणि परमुलखात महिनोन्‌महिने काढणे यांत धर्मशास्त्राच्या दृष्टीने फार अंतर होते. तरीही ब्राह्मण वकील पाठवण्यात अर्थ होता. पेशव्याचा वकील म्हणून दरबारी बोलण्याला त्याच्यामुळे वजन येत होते.

९/
ते सुवेझपर्यंत समुद्रमार्गाने गेले, अशी नोंद मिळते. म्हणजे अरबी समुद्र, मग तांबडा समुद्र, पुढे इजिप्तची भूमी आणि भूमध्य समुद्र. सुवेझचा कालवा व्हायला अजून ८८ वर्षे अवकाश होता. काळही वाईट होता. अमेरिकन वसाहतींच्या युद्धामुळे इंग्लंड एकाच वेळी फ्रान्स आणि स्पेनशी लढत होते, जिब्राल्टरला वेढा पडला होता आणि १७८० च्या अखेरीस नेदरलँड्सशीही युद्ध जुंपले. अशा समुद्रावरून एक ब्राह्मण, एक पारशी आणि त्याचा मुलगा १७८१ मध्ये लंडनला येऊन पोहोचले.

१०/
लंडन तेव्हा युरोपातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात भरली, त्यावरून वीस वर्षांपूर्वीच्या गर्दीचा अंदाज येतो. कंपनीचे मुख्यालय लेडनहॉल रस्त्यावर होते, पार्लमेंट वेस्टमिन्स्टरला. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेले की सत्ता कुठे बसते ते कळे. येथे राजा एकीकडे, मंत्री दुसरीकडे, संचालक तिसरीकडे आणि कंपनीचे भागधारक चौथीकडे. अर्ज नेमका कोणाच्या हाती द्यावा, हाच पहिला प्रश्न.

११/
दुसरा प्रश्न त्याहून निकडीचा होता : जेवायचे काय आणि कुठे? आचारनिष्ठ ब्राह्मणाचे अन्न म्हणजे केवळ मांसाशिवायचे अन्न नव्हे. स्नान करून सोवळ्याने रांधलेले, स्वतःच्या किंवा स्वजातीयाच्या हातचे, ज्या चुलीवर मांस शिजले नाही अशा चुलीवरचे. पाणी स्वतः भरलेले. जेवताना इतरांचा स्पर्श नको. पुण्याच्या कोणत्याही वाड्यात हे सारे न बोलता होत असे, कारण घराची रचनाच त्यासाठी केलेली असे. विहीर, न्हाणी, स्वयंपाकघर, माजघर यांचा क्रम आचाराने ठरलेला होता.

१२/
लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्याला अशी सोय मिळणे जवळजवळ अशक्य होते. अशा भाडेकरूंचे जेवण बहुधा घरमालकिणीच्या चुलीवरून किंवा बाहेरच्या खाणावळीतून येई. एकाच चुलीवर मांस भाजले जाई, एकाच भांड्यात चरबी वितळे. घरात पाणी आणायचे, विस्तव घालायचा तो नोकरांनी. म्हणजे ज्या ज्या गोष्टीसाठी लंडनकर दुसऱ्याला पैसे देऊन मोकळा होई, ती प्रत्येक गोष्ट हनुमंतरावाला स्वतःच्या हाताने करावी लागणार होती, आणि ती करायला जागाच नव्हती.

१३/
एक गमतीचा तपशील असा की ‘करी’ हा पदार्थ लंडनला तोवर पोहोचलेला होता. १७७३ मध्ये हेमार्केटजवळच्या नॉरिस स्ट्रीट कॉफी हाउसात तो मिळत असे. भारतात पैसा कमावून परतलेल्या इंग्रजांना त्या चवीची सवय लागली होती. परंतु हनुमंतरावाला त्याचा काय उपयोग? त्याची अडचण चवीची नव्हती. हिंदुस्थानचा मसाला लंडनला माहीत झाला होता. हिंदुस्थानचे स्वयंपाकघर मात्र माहीत नव्हते. त्यामुळे लंडनमध्ये त्याचे प्रारंभीचे दिवस हालअपेष्टांत गेले.

१४/
येथे या कथेत एडमंड बर्क येतो. जन्म १७२९, मूळचा आयर्लंडचा, पार्लमेंटचा सभासद आणि त्या काळातील सर्वांत प्रभावी वक्त्यांपैकी एक. बर्कने हिंदुस्थान कधीही पाहिला नाही. मात्र त्याचा जिवलग आणि नातलग म्हणवला जाणारा विल्यम बर्क हा तंजावरच्या राजाचा प्रतिनिधी म्हणून काम करत होता. तंजावरचे ते राजे तुळजाजी भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे वंशज. अशा रीतीने एका मराठी गादीचे गाऱ्हाणे बर्कच्या घरात आधीच पोहोचलेले होते.

१५/
वकिलांची स्थिती कळल्यावर बर्कने त्यांना लंडनपासून सुमारे ४० किलोमीटर दूर असलेल्या बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी येण्याचा आग्रह केला. आचाराच्या नियमांमुळे ते सहजासहजी तयार झाले नाहीत. तेव्हा बर्कने बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. नाजूक झाडे हिवाळ्यात जगवण्यासाठी बांधलेली ती इमारत. तेथे हनुमंतरावाला स्नान करता येई, स्वतःचे अन्न शिजवता येई, जेवताना कोणाचा स्पर्श होण्याची भीती नव्हती. इंग्लंडच्या एका बागेत काही दिवस पुण्याचे सोवळे नांदले.

१६/
बर्कचा हा पाहुणचार समजून घेण्यासारखा आहे. घरातील उत्तम खोली देणे, उत्तम मेजवानी देणे, हा इंग्रजी आतिथ्याचा रिवाज. पाहुण्याला घरात न घेता बाहेरची जागा देणे हा तेथे अपमान ठरला असता. बर्कने पाहुण्याचा नियम आधी विचारून घेतला आणि मग जागा दिली. त्याच्या घरच्या कोणी त्या जेवणात सहभागी होऊ शकत नव्हते, हेही त्याने स्वीकारले. पुढे राघोबादादांना लिहिलेल्या पत्रात त्याने हनुमंतरावाच्या आचारनिष्ठेचा आदराने उल्लेख केला.

१७/
हा केवळ भूतदयेचा भाग नव्हता. त्याच १७८१ मध्ये बंगालच्या न्यायव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीत बर्क अग्रभागी होता. कलकत्त्याचे सर्वोच्च न्यायालय इंग्रजी कायदा हिंदुस्थानी लोकांना सरसकट लावत होते आणि त्यातून संताप उसळला होता. जुलै १७८१ मध्ये संमत झालेल्या कायद्याने वारसा, उत्तराधिकार आणि करार यांबाबत हिंदूंना हिंदूंचा आणि मुसलमानांना मुसलमानांचा कायदा लावावा असे ठरवले. कुटुंबात जातीच्या नियमानुसार केलेल्या गोष्टी गुन्हा ठरू नयेत, अशीही तरतूद त्यात होती.

१८/
अशा वेळी ज्याच्या बागेत एक ब्राह्मण रोज आपल्या नियमाने जगत होता, त्या माणसाला पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळत होते. जातीचा नियम म्हणजे काय, तो मोडला तर माणूस काय गमावतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. सात वर्षांनी, फेब्रुवारी १७८८ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगाच्या प्रारंभीच्या भाषणात बर्कने हिंदूच्या दृष्टीने जात जाणे म्हणजे सर्वस्व जाणे कसे असते, हे सभागृहाला विस्ताराने समजावून सांगितले.

१९/
आता मूळ कामाचे काय झाले? वकील लंडनमध्ये असतानाच हिंदुस्थानातील डाव फिरत होता. जुलै १७८० मध्ये हैदर अलीने कर्नाटकावर स्वारी केली, सप्टेंबरात पोल्लिलूर येथे इंग्रजांचा दारुण पराभव झाला. नाना फडणवीस, हैदर आणि निजाम एका बाजूला आलेले. हेस्टिंग्जला मराठ्यांशी तह निकडीचा झाला. ऑक्टोबर १७८१ मध्ये कर्नल म्यूर आणि महादजी शिंदे यांच्यात समेट झाला. ज्या धन्यासाठी वकील लंडनमध्ये खेटे घालत होते, त्याची किंमत कंपनीच्या लेखी दिवसेंदिवस उतरत होती.

२०/
वकिलांना लंडनमधून फौजेचे किंवा पेशवेपदाचे वचन मिळाले नाही. परतताना त्यांच्या हाती बर्कचे राघोबादादांना लिहिलेले पत्र आले. दोघांनी आपले काम निष्ठेने आणि कुशलतेने केले, त्यांना आरंभी जो त्रास झाला तो इंग्रजांच्या अज्ञानामुळे झाला आणि पुढे असे कोणी आल्यास त्याची व्यवस्था कशी ठेवावी हे आता कळले आहे, असा त्या पत्राचा आशय. राजकीयदृष्ट्या हे पत्र निरुपयोगी होते. धन्यासमोर ‘आम्ही कसूर केली नाही’ हे सिद्ध करण्यास मात्र ते पुरेसे होते.

२१/
खरी परीक्षा परतल्यावर झाली. तिची हकिकत फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकात अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवली. तो सांगतो की वकील परतताना इराणमार्गे खुष्कीने आले आणि त्यामुळे त्यांना सिंधू नदी ओलांडावी लागली. परमुलखात राहिलेले, निषिद्ध नदी ओलांडून आलेले हे लोक पतित होत, असा ब्राह्मणसमाजाने निर्णय दिला. आपण नियम पाळले, हे त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही.

२२/
यातील विरोधाभास मराठी वाचकाला चटकन जाणवेल. १७५८ च्या मोहिमेत राघोबादादा लाहोरपर्यंत गेले आणि त्यांच्या फौजा सिंधूकाठी अटकेस पोहोचल्या. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार त्याच पराक्रमाचा. त्याच दादांच्या वकिलाला तीच सिंधू ओलांडल्याबद्दल वाळीत टाकले गेले. सेनापती फौजेसह गेला तर ती कीर्ती. वकील अर्ज घेऊन गेला तर ते पातक. नदी एकच होती, ओलांडणाऱ्याची सत्ता वेगळी होती.

२३/
अखेर तोड निघाली. वकिलांचे शील निर्मळ होते आणि ते राज्यकार्यासाठी गेले होते, हे लक्षात घेऊन त्यांना ‘पुनर्जन्म’ घेण्याची मुभा मिळाली. विल्फर्डच्या म्हणण्यानुसार शास्त्राला संपूर्ण सोन्याची स्त्रीमूर्ती किंवा गाय अपेक्षित होती. तेवढे सोने परवडणारे नसल्याने त्याऐवजी सोन्याच्या योनिप्रतिमेतून पार होण्याची सवलत होती. राघोबादादांनी ती प्रतिमा शुद्ध सोन्याची करवली, ब्राह्मणांना मोठी दक्षिणा वाटली आणि मगच वकील पुन्हा पंक्तीला बसले.

२४/
हा विधी आज चमत्कारिक वाटेल, परंतु त्याची कल्पना नवी नव्हती. सोन्याच्या गर्भातून पुन्हा जन्म घेण्याचा ‘हिरण्यगर्भ’ हा महादानांपैकी एक. त्रावणकोरचे राजे राज्यारोहणाच्या सुमारास तो करत आणि नंतर ते सोने ब्राह्मणांना वाटले जाई. राजे प्रतिष्ठा वाढवण्यासाठी जो विधी करत, तोच येथे दोन सेवकांची गेलेली प्रतिष्ठा परत मिळवण्यासाठी केला गेला. ज्याने एकेकाळी जवाहीर गहाण टाकले, त्याला आपल्या माणसांसाठी सोने वितळवावे लागले.

२५/
विल्फर्डची साक्ष मात्र जपून वापरावी लागते. त्याच्याकडील पंडिताने त्याला बनावट संस्कृत वचने पुरवली होती आणि ही फसवणूक विल्फर्डनेच पुढे जाहीर केली. शिवाय तो ‘दोन ब्राह्मण’ गेल्याचे लिहितो, तर बर्कच्या पत्रव्यवहारात एक ब्राह्मण आणि पारशी पिता-पुत्र दिसतात. ऐकीव कथेत पारशी सहकारी गळून पडला असावा, कारण प्रायश्चित्ताच्या गोष्टीत त्याला जागाच नव्हती. काचघराचा भाग समकालीन पत्रांच्या आधाराने भक्कम आहे. सुवर्णविधीचा भाग विल्फर्डच्या भरवशावर उभा आहे.

२६/
१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबादादांना पैसा किंवा फौज देऊ नये, त्यांनी चार महिन्यांत आपले राहण्याचे ठिकाण निवडावे आणि दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक घ्यावी, असे त्यात ठरले. दादा गोदावरीकाठी कोपरगावला गेले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारले. लंडनचा खटाटोप निष्फळ ठरला. नानांचा विजय पूर्ण झाला.

२७/
तरीही या प्रवासाचे एक फलित होते आणि ते कोणाच्या पदरात पडले, हा या हकिकतीतील खरा प्रश्न आहे. बर्कने दोन पाहुण्यांकडून हिंदुस्थानचा आचार जाणून घेतला. पुण्यात १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील संगमावर राहू लागला. त्याने दरबाराची, सरदारांची, महसुलाची माहिती जमवली; जेम्स वेल्स या चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना यांची चित्रे काढली. लंडनची पुण्याविषयीची माहिती वर्षागणिक वाढत गेली.

२८/
उलट दिशेने काय आले? लंडनमध्ये सत्तेची चार केंद्रे आहेत, संचालकांवर पार्लमेंटची नजर आहे, कंपनीचे विरोधक तेथेच सापडतात, हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हाताशी होती. मिर्झा इतेसामुद्दीन या बंगालच्या मुनशीने १७६०च्या दशकातील आपल्या विलायतयात्रेवर फारसीत ग्रंथ लिहिला. मराठीला हनुमंतरावाचा असा ग्रंथ लाभला नाही. पतित म्हणून परतलेल्या माणसाने आपला प्रवास मिरवायचा नसतो, विसरवायचा असतो. ‘तेथे काय पाहिलेस?’ यापेक्षा ‘तेथे काय खाल्लेस?’ हा प्रश्न पुढे आला.

२९/
बुधवार पेठ या साऱ्याची साक्षीदार आहे. राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी डिसेंबर १८०२ मध्ये वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय स्वीकारला. त्यांनी याच पेठेत बांधलेला बुधवारवाडा १८७९ च्या आगीत जळाला. साताऱ्याचे रंगो बापूजी प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यासाठी लंडनला गेले तेव्हा १८४० साल उजाडले होते. ते तब्बल १३ वर्षे तेथे राहिले. परंतु तोवर वाटाघाटींची वेळ टळून गेली होती.

३०/
आचाराचा प्रश्न तर शतकानंतरही मिटला नव्हता. १८८६ च्या अखेरीस डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव हे दांपत्य अमेरिकेहून परतले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. पुढे १८९० मध्ये याच गोपाळरावांनी पंचहौद मिशनमधील चहापानाला हजर असलेल्यांची नावे प्रसिद्ध करवली. त्यांत न्या. रानडे आणि टिळकही होते. एका पेला चहावरून पुण्यात वाद पेटला आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सातासमुद्रापार जाणे दूरच राहिले, शेजारच्या पेठेतला चहाही महाग पडला.

३१/
हनुमंतराव आणि मणियार रतनजी यांनी आपापले काम चोख केले. एकाने नियम न मोडता परका देश पाहिला, दुसऱ्याने त्याला साथ दिली. त्यांना जागा देणाऱ्या काचघराच्या मालकाने त्यांच्याकडून शिकून घेतले. ज्या समाजात ते परतले त्याने त्यांना शुद्ध करून घेतले, मात्र त्यांच्याकडून काही विचारून घेतले नाही. वीस वर्षांनी वसईला जो तह झाला, त्या वेळी पुण्याकडे लंडन पाहिलेल्या माणसाच्या सल्ल्याची गरज होती. तो सल्ला मिळण्याची संधी १७८१ मध्ये दारात येऊन उभी राहिली होती.